अकरा दिवसांचं पोलाद

डोळा चोळू नका, कण आणखी रुतेल. इंजिनाच्या धुरातून उडालेला कोळशाचा कण आहे तो, आणि भिलाई पॉवर हाऊसच्या फलाटावर पाय ठेवणाऱ्या बहुतेकांचं स्वागत असंच होतं. पापणी धरून जरा ओढा, दोनदा उघडझाप करा. झालं. आता नीट बघा. 1971 सालचा डिसेंबर आहे, बुधवार, 15 तारीख, संध्याकाळचे पाच वाजून गेलेत. तुम्ही मध्य प्रदेशात उभे आहात. छत्तीसगड नावाचं राज्य अजून कुणाच्या नकाशात नाही, म्हणून पत्ता विचारताना जीभ सांभाळा.

वास आला? येणारच. डांबर, सडकं अंडं आणि नाकाच्या शेंड्याला झोंबणारा अमोनिया, हे तिन्ही एकाच झुळकीत. कोक ओव्हनकडून वारा सुटला की असं होतं. इथं राहणाऱ्यांना तो आता येत नाही. पाहुण्यांनी नाक मुरडलं की त्यांना आठवतो. त्याखाली दुसरा वास आहे, जमिनीलगत सरपटणारा. क्वार्टरा-क्वार्टरातून अंगणात सिगड्या पेटल्यात आणि थंडीमुळे धूर वर चढत नाही, गुडघ्याएवढ्या उंचीवर तरंगत राहतो. तुम्ही त्यातून चालाल तेव्हा तुमचे पाय तुम्हालाच दिसणार नाहीत.

आता रस्त्याच्या कडेला व्हा. लवकर. घंट्या ऐकू येताहेत ना? जनरल शिफ्ट सुटली आहे. कारखान्याच्या दारातून सायकली बाहेर पडताहेत, आणि पडतच राहताहेत. खाकी पँट, तेलाचे डाग, हँडलला लटकलेला रिकामा डबा, गळ्यात मफलर, कानाला रुमाल. मल्याळी, तेलुगू, पंजाबी, बंगाली, भोजपुरी, छत्तीसगढी आणि आपलं नागपुरी मराठी, सगळं एका वेळी तुमच्या कानाजवळून सूं करत जातं. गावंच्या गावं उठवून वसवलेलं हे शहर आहे, आणि इथं कोण कुठला हे सायकलवरून उतरेपर्यंत कळत नाही.

"पाहुणे, चुकले का? बसा मागं."

वर्ध्याकडचा फिटर आहे. विचारपूस पुढं करू म्हणाला. आधी कॅरिअरवर बसा. कॅरिअरच्या सळया चांगल्याच टोचतात. तुमच्यामुळे सायकल झोल खाते, तो पेडल मारताना धापा टाकतो, पण गप्पा काही थांबत नाहीत. "ऐकलं का तुम्ही? सातवं आरमार येऊन राहिलं."

ऐकलंय तुम्ही. पण पुस्तकात. इथं ते पाठीमागून येणाऱ्या ट्रकसारखं ऐकू येतं.

चौकात चहाची टपरी आहे. बाकावर जागा नाही, तरी सरकून बसा. थंडीत खांद्याला खांदा लागलेला बरा. समोर कोळशाची भट्टी धगधगतेय, त्यामुळे तुमचे गुडघे भाजताहेत आणि पाठ गारठलीय. कढईत आलूगुंडे फुगताहेत. बेसनाचा, हिरव्या मिरचीचा, उकळून काळपट झालेल्या चहाचा दरवळ. फळीवर पिशवीत गुंडाळलेला ट्रान्झिस्टर आहे, आणि त्याच्याभोवती पंधरा-वीस डोकी अशी झुकलीत की मालकाला गिऱ्हाइकांच्या काखेखालून पेले द्यावे लागताहेत. आकाशवाणी, मग बीबीसी, मग पुन्हा आकाशवाणी. मधल्या खरखरीत सगळे एकदम बोलतात.

बातमी अशी: अमेरिकेची अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका, एंटरप्राइझ, व्हिएतनामच्या किनाऱ्यावरून निघून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून बंगालच्या उपसागरात शिरतेय. कारण काय सांगितलंय? पाकिस्तानशी चाललेल्या युद्धात ढाक्यात अडकलेले अमेरिकन नागरिक बाहेर काढायचे आहेत.

"अडकलेली माणसं काढायला एवढं धूड?" मल्याळी क्रेन ऑपरेटर हिंदीत ओरडतो. "मेरा क्रेन मंगवा लेते!"

हशा पिकतो. मग कुणीतरी विचारतो, केवढी आहे म्हणता ती बोट? पेपरात पंचाहत्तर हजार टन छापलंय. आणि आता बघा मजा. दुसऱ्या कुठल्याही गावात लोक हा आकडा ऐकून घाबरले असते. इथं सगळ्यांचे डोळे वर जातात, ओठ हलायला लागतात. हिशेब चाललाय. कारखान्याची क्षमता वर्षाला पंचवीस लाख टन. भागिले तीनशे पासष्ट.

"अकरा दिवस," फिटर जाहीर करतो. "पूर्ण क्षमतेनं चाललो तर आपलं अकरा दिवसांचं पोलाद. बस!"

टपरीला एकदम हायसं वाटतं. जगातल्या सगळ्यात बलाढ्य देशाचं सगळ्यात मोठं जहाज अकरा दिवसांत बसवलं की त्याची भीती राहत नाही. तुम्हीसुद्धा हसा. चहा घ्या, पण पेला वरच्या कडेला धरा, बोटं भाजतील.

आता लॅम्ब्रेटावरून एक साहेब उतरताहेत. बाकावरची माणसं थोडी सरकतात, पण उठत नाहीत. हे इंजिनिअर फोर्ड फाउंडेशनच्या योजनेतून अमेरिकेत शिकून आलेत. पन्नाशीच्या दशकात ती योजना सुरू झाली आणि भारतातले शेकडो तरुण पोलाद-अभियंते तिकडच्या कारखान्यांत जाऊन आले. यांचा मुक्काम पिट्सबर्गला होता. त्यांच्या समोर बसलेत ते फोरमनकाका. त्यांचं शिक्षण युक्रेनमधल्या झापोरोझ्येच्या कारखान्यात झालं. एकानं मोनोंगाहेला नदी पाहिली, दुसऱ्यानं नीपर. दोघं मूळचे नागपूरचे. रोजचं भांडण ठरलेलं, फक्त आज विषय पेटलेला आहे.

"त्यांच्या मनात एक जुनी समजूत आहे," साहेब सांगताहेत. "आपला देश म्हणजे डोंगरावर वसलेलं नगर, सगळ्या जगाचे डोळे त्यावर. बाकी देश स्वार्थासाठी लढतात, आपण स्वातंत्र्यासाठी. शाळेतल्या पोरापासून सिनेटरपर्यंत सगळे हे मनापासून मानतात. ढोंग नाही ते."

"मग व्हिएतनामात काय करून राहिले? नगर बांधून राहिले?" काका विचारतात.

"तेही स्वातंत्र्यासाठीच, त्यांच्या मते."

"आपल्या भिलाईत डोंगरच नाही, हे बरं आहे," फिटर पुटपुटतो. चौफेर सपाट भातशेती पाहिलेल्या सगळ्यांना ते पटतं.

काका गव्हावर येतात. ते येणारच होते. पाच वर्षांमागे रेशनच्या रांगेत अमेरिकन लाल गहू मिळायचा, आठवतं ना? तुम्हाला आठवायचं कारण नाही, तरी मान हलवा. पोळी लाटताना तुटायची, चावताना रबरासारखी ताणायची. आणि तो गहूसुद्धा सुखानं आला नाही. दिल्लीनं हनोईवरच्या बॉम्बफेकीबद्दल तोंड उघडलं की अध्यक्ष जॉन्सन महिन्याच्या महिन्याला जहाजं अडवून धरायचे. त्यांच्याच दिल्लीतल्या राजदूतानं, चेस्टर बोल्सनं, वॉशिंग्टनला समजावून पाहिलं की बाबांनो, भारत बोलतोय तेच पोपही बोलतात आणि संयुक्त राष्ट्रांचे ऊ थांटही. उत्तर आलं, पोपना आणि ऊ थांटना आपला गहू लागत नाही.

"घ्या!" काका मांडीवर थाप मारतात. "आणि रशियानं आपल्याला काय दिलं? भट्टी दिली. 1959 च्या फेब्रुवारीत राजेंद्रबाबूंनी पहिली भट्टी सुरू केली, तिथं मी स्वतः उभा होतो."

"उभे होते, पण लई मागं," फिटर तुमच्या कानात सांगतो.

साहेब मात्र हटत नाहीत. ते म्हणतात, त्याच अमेरिकेत लाखो लोक रस्त्यावर उतरून आपल्याच सरकारला युद्ध थांबवा म्हणतात. संरक्षण खात्याची गुप्त कागदपत्रं याच जूनमध्ये तिथल्या वर्तमानपत्रांनी छापली आणि कोर्टानं छापू दिली. धाकट्या केनेडीनं येऊन आपल्या निर्वासितांच्या छावण्या पाहिल्या, त्यावर स्वतःच्या राष्ट्राध्यक्षाला धारेवर धरलं. रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशासाठी कुठं कार्यक्रम केला? न्यूयॉर्कला. "असं मॉस्कोत करून दाखवा एकदा."

टपरीवर कुणी काही बोलत नाही. भट्टीत एक निखारा फुटतो. साहेबांचा मुद्दा सगळ्यांना लागलाय, फक्त आजच्या दिवशी तो कुणालाच नकोय.

उठा, फिटरला घरी भाजी न्यायचीय. बाजारात जाऊ. पेट्रोमॅक्सच्या पांढऱ्या उजेडात फुलकोबीचे ढीग, मातीचा ओला वास, पायाखाली चेंगरलेली मुळ्याची पानं. "ले जा गा, ताजा हे," भाजीवाली ओरडते, आणि पुढच्याच गिऱ्हाइकाला तितक्याच सहज म्हणते, "खराशो, खराशो!" गिऱ्हाईक रशियन आहे. तुम्ही स्वेटरात कुडकुडताय आणि तो अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, उघड्या पायांत सँडल घालून पपई दाबून बघतोय. बायकोच्या डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हातात जाळीची पिशवी. सोबत दुभाषी. लोक त्यांच्याकडे बघून हसतात, आज तर जास्तच. सुरक्षा परिषदेत रशियानं पुन्हा नकाराधिकार वापरलाय, त्यामुळे भाजीवालीनं एक पपई फुकट घातली.

फिटरचा धाकटा भाऊ कॉलेजात आहे. अंगात रग आहे. तो पुढं होतो आणि दुभाष्याला हिंदीत म्हणतो, साहेबांना विचारा, तीन वर्षांपूर्वी प्रागमध्ये तुमचे रणगाडे गेले होते, तेही बोलावल्यावरूनच गेले होते का?

दुभाष्याला अचानक फुलकोबीत फार रस वाटायला लागतो. तो एक गड्डा उचलतो, उलटा करतो, पानं मोजतो. रशियन माणूस प्रश्नार्थक हसत उभा. प्राग हा शब्द त्याला कळलाय, हे त्याच्या चेहऱ्यावरून तुम्हाला दिसतं. तो पपई पिशवीत ठेवतो, मुलाच्या खांद्यावर जडसा हात ठेवतो, आणि निघून जातो. हाताला तंबाखूचा उग्र वास आहे. तुम्ही जवळ उभे होतात म्हणून तुम्हालाही आला.

"मूर्खा," फिटर भावाला म्हणतो. "उद्या माझ्याच भट्टीवर येईल तो."

स्ट्रीट नंबर, क्वार्टर नंबर, की झालं घर. इथल्या पत्त्यांत गल्लीला देवाचं नाव नाही, पुढाऱ्याचं नाही, फक्त आकडे. दोन खोल्या, छोटं अंगण, पेरूचं झाड. दोरीवरचे कपडे वहिनी झटकून आत घेताहेत. खनिजाची तांबूस धूळ आणि काजळीचे ठिपके पांढऱ्या बनियनवर बसले की निघत नाहीत. तुम्ही हात धुवा. पाणी बर्फासारखं आहे, साबण लाल, पाणी काळं.

आतल्या खोलीत धाकटी मुलगी वह्यांना कव्हरं घालत बसलीय. गुळगुळीत, चकचकीत कागद. एका वहीवर हसऱ्या ट्रॅक्टरवालीचं चित्र, ते 'सोव्हिएत देश' मासिकाचं. दुसरीवर उंच इमारती आणि लांबलचक मोटार, ते अमेरिकेच्या 'स्पॅन'चं. काका एक अंक देतात, साहेब दुसरा. दोन महासत्तांनी एवढा पैसा खर्चून छापलेल्या प्रचाराखाली आता पाढे आणि शुद्धलेखन आहे. तिला फक्त एवढंच ठाऊक की स्पॅनचा कागद दुमडताना कमी फाटतो.

ताट आलं. चुलीवर नव्हे, सिगडीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, वरून कच्चा कांदा आणि कच्चं तेल. ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा. पहिल्याच घासाला कान गरम होतील. खा. साहेब आणि काकाही आलेत, कारण टपरीवरचं भांडण अर्धवट राहिलं होतं आणि या घरचं भरीत प्रसिद्ध आहे.

आता साहेब तो प्रश्न काढतात, जो ते टपरीवर काढू शकले नसते. गेल्या आठवड्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मतदान झालं. युद्ध थांबवा, फौजा मागं घ्या, असं म्हणणारे देश एकशे चार. विरोधात अकरा. आपण, भूतान, रशिया आणि त्याचे साथीदार.

"त्यात चेकोस्लोव्हाकियापण होता," कॉलेजकुमार म्हणतो. "ज्यांच्या घरात रणगाडे शिरले, त्यांनीपण आपल्या बाजूनं हात वर केला. करावाच लागला असंल."

"एकशे चार देश चुकले आणि आपण बरोबर?" साहेब हळू आवाजात विचारतात. "व्हिएतनामवर हेच जग अमेरिकेला बोलतं तेव्हा आपण म्हणतो, जगाचं ऐका. आज तेच जग आपल्याला बोलतंय तर आपण म्हणतो, जगाला काय कळतं. आमचं वेगळं आहे. अहो, हेच तर ते म्हणतात."

भाकरीचा तुकडा तुमच्या हातातच राहिला ना? राहू द्या. कारण आता वहिनी बोलणार आहेत, आणि त्या वाढता वाढता बोलतात.

"साहेब, तुम्ही मानाला गेले होते का?"

माना म्हणजे रायपूरजवळची निर्वासितांची छावणी. इथून तासाभराच्या अंतरावर. 1964 पासून पूर्व बंगालमधली माणसं तिथं येताहेत, आणि या वर्षी तर तिकडून गाड्याच्या गाड्या भरून आल्या. वहिनी इतर बायकांबरोबर जुने कपडे घेऊन गेल्या होत्या. त्या सांगतात तेव्हा तुम्हीही तिथं पोचता: ओळीनं तंबू, ब्लीचिंग पावडरीचा घसा धरणारा वास, नळापाशी घागरींची रांग, आणि त्या एवढ्या गर्दीत रडण्याचा आवाज अगदी थोडा. एका बाईनं वहिनींकडून लुगडं घेतलं आणि आधी त्याचा वास घेतला. का, ते वहिनींना विचारवलं नाही.

"एक कोटी माणसं आपल्याकडे आली म्हणतात. आधी माणसं आली, मग फौज गेली. हे उलटं झालं असतं तर मी तुमच्या बाजूनं बोलले असते."

काकांचा चेहरा उजळतो. झालं, जिंकलो. पण साहेब मान हलवतात, नाइलाजानं, जणू हा मुद्दा त्यांनाही नको होता. "वहिनी, 1954 साली व्हिएतनामची फाळणी झाली तेव्हा उत्तरेतून आठ-नऊ लाख माणसं दक्षिणेत पळून आली. अमेरिकेच्याच आरमारानं त्यातल्या कित्येकांना बोटींतून आणलं. तिथं गेलेल्या गोऱ्या सैनिकाला विचाराल तर तोही हेच सांगेल. आधी माणसं आली."

वहिनी थांबतात. हातात भाकरी, दुसरा हात कमरेवर. त्या हरल्यासारख्या दिसत नाहीत, विचार करताना दिसतात.

"मग हे सांगा," त्या शेवटी म्हणतात, "त्यांची फौज घरी किती दिवसांनी गेली?"

"अजून कुठं गेली?"

"तेच म्हटलं मी." आणि त्या तुमच्या ताटात न विचारता आणखी भरीत वाढतात.

रात्री पावणेदहाला फिटर तुम्हाला हलवतो. रात्रपाळीच्या एकाची बदली करायचीय, चला, बघून घ्या. युद्धाच्या दिवसांत पाहुण्यांना आत सोडत नाहीत, म्हणून त्यानं तुमच्या डोक्यावर हेल्मेट आपटलंय आणि बजावलंय की कुणी विचारलं तर मान हलवायची. आभाळ बघा आधी. पूर्वेकडं अंधार होता, आणि एका क्षणात ते सगळं नारिंगी होतं. दूर स्लॅगचं भांडं रिकामं केलंय. ढगांची पोटं तांबडी होतात, झाडांना सावल्या फुटतात, तुमच्या हातावरच्या रेषा दिसतात, आणि मग हळूहळू सगळं विझतं. "शत्रूचं विमान आलं तर घरातले दिवे घालवता येतील," फिटर म्हणतो. "हे काय झाकणीनं झाकू?"

भट्टीपाशी बोलणं संपतं. गर्जना इतकी आहे की ती कानांना नाही, छातीच्या हाडांना ऐकू येते. गमछा तोंडावर घ्या. समोर तोंड फोडताहेत. यंत्र मातीच्या बुचात शिरतं, ठिणग्यांचं कारंजं उडतं आणि मग धातू येतो. लाल नाही, पांढरा. दूध उतू जावं तसा सहज, वाळूच्या पाटातून वाहत. चौदाशे अंशांच्या वर. वीस पावलांवर उभ्या असलेल्या तुमच्या भुवया चरचरताहेत, शर्टाचं बटण गळ्याला चटका देतंय, पाठीवरचा घाम सुटण्याआधीच वाळतोय. गंधकाची चव जिभेवर येते.

आणि तो बघा, बाजारातला पपईवाला. आता अंगावर जाड कोट, डोळ्यांवर निळी काच. त्याच्या शेजारी छत्तीसगढी भट्टीवाला, गावाकडून बासी खाऊन आलेला. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. रशियन एक बोट वर करतो, भट्टीवाला मुंडी हलवतो; भट्टीवाला तळवा सपाट धरून खाली दाबतो, रशियन बाजूला होतो. बारा वर्षांत या खुणांची एक पूर्ण बाराखडी झालीय. तुम्हाला वाटतं, बघा, माणसं अशी एक होतात. वाटू द्या, पण फिटरला सांगू नका. तो म्हणेल, साहेब, या दोघांच्या पगारात केवढा फरक आहे ते विचारलं का?

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तुम्ही संध्याकाळपर्यंत झोपलात. हरकत नाही. आवाजानं जाग येईल. आधी शेजारचा रेडिओ मोठा होतो, मग त्याच्या शेजारचा, मग रस्ताभर सगळे रेडिओ एकाच वाक्याच्या वेगवेगळ्या तुकड्यांवर. ढाक्यात पाकिस्तानी फौजेनं शरणागती पत्करली. इंदिराबाईंनी लोकसभेत सांगितलं, ढाका आता एका स्वतंत्र देशाची स्वतंत्र राजधानी आहे. नव्वद हजारांवर युद्धकैदी. एंटरप्राइझ अजून समुद्रातच, आणि काढायला आली होती ते नागरिक तर चार दिवसांपूर्वीच विमानानं निघून गेलेत.

बाहेर पडा, पण चपला घट्ट करा. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. दिवाळीतले उरलेले, सर्दावलेले फटाके वाजताहेत, अर्धे फुसके. फटाक्यांचा धूर, गुलाल, पेढ्यांचा तूपकट वास. कुणी तुमच्या तोंडात पेढा कोंबला, कुणी दुसरा. क्रेन ऑपरेटर तुम्हाला मिठी मारतो आणि त्याच्या शर्टाचं ग्रीस तुमच्या गालाला लागतं. पूर्व बंगालमधून फाळणीच्या वेळी आलेले एक वयस्क कारकून खांबाला धरून उभे आहेत, लोक त्यांना उचलायला बघताहेत, ते नको नको म्हणताहेत. शाळेतली पोरं सायकलच्या रिंगा बडवत निघालीत. आज भिलाईला कुणी सांगितलं असतं की आपली फौज जगातल्या इतर फौजांसारखीच आहे, तर त्याला पेढा मिळाला नसता.

टपरीवर मात्र साहेब आणि काका बसलेत. दोघांच्या कपाळाला गुलाल. साहेबांनीही पेढे वाटले, हे लक्षात घ्या. त्यांचे डोळे काकांपेक्षा जास्त ओले आहेत.

"आता बोला," काका म्हणतात. "वेगळं की नाही?"

"वहिनींना विचारा. पाडव्याला."

आणि पैज अशी ठरते. आपली फौज पाडव्याच्या आत बांगलादेशातून परत आली आणि यंदा आलेले निर्वासित घरी जायला लागले, तर साहेबांनी अख्ख्या टपरीला श्रीखंड द्यायचं. नाही आली, तर काकांनी. फिटर काकांच्या बाजूनं. क्रेन ऑपरेटर साहेबांच्या बाजूनं, कारण तो म्हणतो, एकदा गेलेली फौज तारखेला परत आल्याचं त्यानं ऐकलेलं नाही. सगळे एक-एक रुपया काढतात.

तुम्ही खिशात हात घालू नका. तुमच्या नाण्यावर कोणतं साल आहे, विसरलात? वहिनींच्या मुलीकडून उसना घ्या. आणि काकांच्या बाजूनं लावा, बेधडक. तुम्हाला ठाऊक आहे की पुढच्या मार्चमध्ये ढाक्यात भारतीय सैन्याचं निरोपाचं संचलन होईल, आणि तेव्हा पाडव्याला चार दिवस बाकी असतील. निर्वासितांच्या गाड्या त्याआधीच उलट दिशेनं धावायला लागलेल्या असतील. 64 साली मानाला आलेले मात्र परत जाणार नाहीत. ते पैजेत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल कुणी विचारत नाही.

जिंकायची खात्री झाली की माणसाला चेव येतो, तसा काकांना येतो. ते दुसरा रुपया टेबलावर ठेवतात. "रशिया असा दुसऱ्याच्या देशात फौज घेऊन पुन्हा कधी जायचा नाही. प्राग झालं ते झालं. लावा कोण लावते." कॉलेजकुमार लगेच रुपया टाकतो, विरुद्ध बाजूनं. आठ वर्षांनी, अशाच एका डिसेंबरात, सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरतील आणि नऊ वर्षं तिथं राहतील. पोरगा जिंकणार आहे. त्याच्या बाजूला सरका.

मग फिटर उठतो. गुलालानं माखलेला, रात्रपाळीनं डोळे तांबारलेले, आवाज बसलेला. "आणि माझी तिसरी," तो म्हणतो. "आपली फौज तर अशी दुसऱ्याच्या भांडणात पुन्हा कधी अडकायचीच नाही. गेलीच तरी न्यायासाठी जाईल आणि काम झालं की परत येईल. कारण आपण वेगळे आहोत. कोण आहे विरुद्ध?"

कुणीच नाही. साहेबसुद्धा पेल्यात बघताहेत. या गर्दीत, या गुलालात, या आवाजात कोण विरुद्ध असणार? फक्त तुम्हाला 1987 चं श्रीलंकेतलं जाफना माहीत आहे. शांतिसेना म्हणून गेलेली फौज तिथं कुणाशी लढली, अकराशेवर जवान गमावून ती 1990 मध्ये कशी परतली, आणि त्या काळात इथल्याच चौकांत तिच्याबद्दल किती कमी बोललं गेलं, तेही.

फिटरनं काल तुम्हाला कॅरिअरवर घेतलं, घरी जेवू घातलं, भट्टी दाखवली. तो तुमच्याकडे बघतोय आणि रुपया वाजवतोय. विरुद्ध लावलात तर जिंकाल, पण तुमच्यासमोर पेढा धरणारा हात मागं जाईल, आणि काल अमेरिकेला भाषण देणाऱ्या या सगळ्या तोंडांतून तुम्हाला तेच ऐकावं लागेल जे वॉशिंग्टननं बोल्सला ऐकवलं. त्याच्या बाजूनं लावलात तर खोटं ठराल, फक्त सोळा वर्षांनी. टपरीवाला पेला पुढं करतो, मागून कुणीतरी ढकलतं, कुणीतरी ओरडतं, "पाहुणे, लवकर, बातम्या लागताहेत!"

लावा रुपया. कुठल्या बाजूला, ते मोठ्यानं सांगा, कारण या गोंगाटात हळू बोललेलं कुणालाच ऐकू जाणार नाही.